रेडकू मरत नाही

आक्का, रेडकू मरत नाही.

त्या दिवशी बैठकीत मला हे ठाऊक नव्हतं. तरी मी हातातल्या पुस्तकावर बोट आपटून सांगितलं की शेवटी रेडकू मरतं, आणि दहा-बारा वर्षांच्या मुलांच्या हातात आपण असा शेवट देऊ नये. मी त्या कादंबरीची सुरुवातीची काही पानं तेवढी वाचली होती. रेडकू आजारी होतं, उठत नव्हतं. पुस्तक मिटताना मी मनाशी म्हटलं, हे मरणार. अशा गोष्टींत मरतंच. पुढं वाचायची मला गरज वाटली नाही, आणि माझ्या त्या एका वाक्यानं तुम्ही निवडलेलं पुस्तक पडलं.

तुम्ही गेलात त्याला अजून पंधरवडाही झाला नाही. तुमच्या शाळेविषयी, तुम्ही घडवलेल्या मुलींविषयी लोक लिहीत आहेत. लिहू देत. मला तुमच्याशी रेडकाचंच बोलायचं आहे. त्यातलं बरंचसं तुमच्या समोर बसून बोलून झालं, म्हणून हे लिहिताना मला रडू येण्याऐवजी मोकळं वाटतंय. या मोकळेपणाची थोडी लाजही वाटते. पण तो मोकळेपणा तुम्हीच देऊन गेलात, तर काय करू?

आपला पुरस्कार केवढासा होता. बेळगावच्या अनगोळातल्या आमच्या वाचक मंडळाचा. दहा ते तेरा वर्षांच्या मुलांसाठी लिहिलेल्या मराठी कादंबरीला शाल, नारळ, आणि निपाणीपासून खानापूरपर्यंतच्या शाळांना त्या पुस्तकाच्या प्रती. शाल-नारळाचं कुणाला अप्रूप नव्हतं. प्रतींचं होतं. आपल्या भागातल्या कितीतरी मराठी शाळांत वर्षभरात येणारं नवं पुस्तक तेवढंच. म्हणून तर आपण तिघं परीक्षक, म्हणजे तुम्ही, संकेश्वरचे डॉक्टर आणि मी, दरवर्षी शेवटच्या पाच पुस्तकांवरून एवढं भांडायचो.

लेखकाचं नाव दिसू नये म्हणून पुस्तकांना कव्हरं घालायचं काम तुमचं. नावाचं पान खळीनं चिकटवायचं आणि वर वर्तमानपत्र, कोपरे दाबून, जूनमध्ये वह्यांना घालतात तसं. तुमच्या घरी कन्नड पेपर यायचा, त्यामुळं आपल्या मराठी कादंबऱ्या कन्नड बातम्या पांघरून फिरायच्या. खडेबाजारात चहा पीत मी त्यातली एक वाचत बसलो होतो, तर शेजारच्या बाकावरचा माणूस खूश होऊन म्हणाला, ‘‘सर, कन्नड शिकायला लागला? भारी की!’’ मी नाही म्हणालो. हे तुम्हाला सांगितलं तेव्हा तुम्ही म्हणाला होता, ‘‘मग न्हाय कशाला म्हणालास? शिकायचं की खरंच.’’

नावं झाकलेली, म्हणून पुस्तकांना आपणच नावं ठेवायचो. त्या वर्षीची पाच म्हणजे भुताची, क्रिकेटची, फ्लॅटमधली, विहिरीची आणि रेडकाची.

तुमची पुस्तकाची परीक्षा घ्यायची रीत मला सुरुवातीला गंमत वाटायची. रविवारी सकाळी गल्लीतली मुलं निपाणीला तुमच्या घराच्या सोप्यात, पुढच्या पडवीत, जमायची. सतरंजीवर पाय पसरून बसायची, मांडी घालायची नाही. तुम्ही खुर्चीत बसून मोठ्यानं वाचायचा आणि वाचता वाचता चष्म्याच्या वरून मुलांच्या पायांकडं बघायचा.

‘‘तोंडं खोटं बोलत्यात रं परश्या,’’ तुम्ही मला समजावलं होतं. ‘‘गप बसून ऐकल्यासारखं कसं करायचं, ते शाळेत मीच शिकवलंय त्यास्नी. पण पायास्नी कोण शिकवलंय? पुस्तक कंटाळवाणं झालं की अंगठं हलाय लागत्यात.’’

भुताची कादंबरी डॉक्टरांची लाडकी. पडकी शाळा, मध्यान्हीला वाजणारी घंटा, आणि शेवटी भूत मुलांना झाडं लावायचा उपदेश करतं. तुमचं मत तुम्ही डॉक्टरांच्या तोंडावर सांगितलं. ‘‘भूत लई शुद्ध बोलतंय हो. पोरं भुताला भ्याली न्हाईत, भाषणाला भ्याली. तिथनं पुढं सगळे अंगठे नाचाय लागले.’’ क्रिकेटची मुलांना आवडली होती, पण तुम्ही तिच्यावर चिडला होता. ‘‘दरवेळी शेवटच्या बॉलला सिक्सर! एखादं पोरगं आऊट झालं तर पुस्तक काय बंद पडतंय?’’ फ्लॅटमधली वाचून मी ती नापसंत केली होती. आई-वडील वेगळे राहतात आणि मुलगी शनिवार-रविवार बॅग घेऊन या घरातून त्या घरात जाते, हे आपल्याकडच्या मुलांना कसं कळणार, असं माझं म्हणणं. तुम्ही ती सोप्यात वाचली आणि मला फोन केला. ‘‘एक पाय हलला न्हाय. आपल्याकडं काय आई-बाप भांडत न्हाईत व्हय? फकस्त फ्लॅट न्हाईत.’’ त्या फोननंतर मी मत बदललं. तेवढं तरी मी तुमचं ऐकणारा होतो.

विहिरीची माझी. तिची भाषा मला फार आवडली होती. आभाळाची वर्णनं, दगडांचे रंग, पाण्याचा वास. आजही सांगतो, त्या लेखकाला लिहिता येतं. तुम्हीही ते कबूल केलंत, आणि वर म्हणालात, ‘‘वाक्यं लई देखणी हाईत. पण अख्ख्या पुस्तकात त्या विहिरीत कोण उतरतंय का सांग बघू.’’ मी आठवून पाहिलं. कुणीच उतरत नव्हतं.

आणि रेडकाची. तंबाखूच्या रानाकडेचं गाव, म्हैस मेल्यावर मागं राहिलेलं रेडकू, आणि त्याला बाटलीनं दूध पाजून जगवायला निघालेली सहावीतली मुलगी. तुमच्या सोप्यानं एकमुखानं तीच निवडली. वैशाली नावाच्या सहावीतल्या मुलीनं तर तुमच्याकडून कबूल करून घेतलं होतं की बेळगावात जाऊन सगळ्यांत आधी हेच नाव सांगायचं.

मग मी ती का वाचली नाही? यावर आपण कधी नीट बोललो नाही, आक्का. आता सांगतो. पहिल्याच पानावर ती मुलगी म्हणते, ‘‘आई गं, रेडकू उठंना झालंय.’’ माझी आई अगदी असंच बोलायची. खानापूरकडच्या आमच्या गावातून मी बेळगावला कॉलेजात आलो, तेव्हा वक्तृत्व स्पर्धेत उभा राहून ‘‘मी काल गेलतो’’ म्हणालो होतो आणि सगळा हॉल हसला होता. परीक्षकसुद्धा. त्या दिवसापासून मी घासूनपुसून बोलायला लागलो. नोकरीत, घरात, मुलांशी, आईशीही. ती शेवटी शेवटी म्हणायची, ‘‘परशराम साहेबासारखं बोलतोय, माझ्याबरोबर का बोलतोय कळत न्हाय.’’ ते पुस्तक उघडलं की मला तिचा आवाज ऐकू यायचा आणि मी ते मिटायचो. बैठकीची तारीख आली तेव्हा वाचनखूण होती तिथंच होती. पुस्तक वाचवत नाही, एवढं सांगायचं धैर्य मला झालं नाही. त्याऐवजी मी त्याच्यात खोट काढली.

बैठक माझ्या घरी होती. हिवाळ्याचे दिवस, सूर्य लवकर मावळणारा, आणि तुम्ही दिवस मावळल्यावर तोंडात काही घालणार नाही. शोभानं, माझ्या बायकोनं, तुमच्यासाठी कांदा-बटाटा न घालता वेगळी भाजी केली होती. फ्लॅटमधली, क्रिकेटची आणि भुताची बाजूला पडून दोन पुस्तकं उरली आणि शोभानं आतून हाक मारली, ‘‘आक्का, ऊन उतरलं, पानं वाढलीत.’’ तुम्ही उठताना म्हणालात, ‘‘मी येऊस्तोवर भांडू नका रे. माझं भांडण राखून ठेवा.’’

मी राखून ठेवलं नाही. तुमची पाठ वळली आणि मी डॉक्टरांना म्हणालो, रेडकाचं पुस्तक चांगलंच आहे, पण शेवटी ते मरतं, आणि मुलांच्या मनावर त्याचा परिणाम वाईट होईल. डॉक्टरांनी मान हलवली. ‘‘व्हय व्हय. मला बी लई वाईट वाटलं ओ शेवटी. डोळ्यांत पाणीच आलं.’’

तुम्ही पदराला हात पुसत बाहेर आलात. ‘‘काय ठरलं, परशराम?’’

‘‘विहिरीची. दोन मतं झाली. रेडकाच्या पुस्तकाचा शेवट जरा जास्तच दुःखद आहे, असं आम्हा दोघांना वाटतं.’’

‘‘कसला शेवट?’’

‘‘रेडकू मरतं ना, तो.’’

तुम्ही माझ्याकडं बघितलंत, मग डॉक्टरांकडं. डॉक्टर परत मान हलवत होते. तुम्ही खाली बसलात, पाणी प्यालात, म्हणालात, ‘‘बरं.’’ आणि कागदावर सही केलीत. मला वाटलं, सुटलो. तुम्ही वाद न घालता गप्प बसलात, याचा अर्थ मला त्या वेळी लागायला हवा होता. तुम्ही तर बसमध्ये कंडक्टरशीसुद्धा वाद घालणाऱ्या.

त्यानंतर शाळांत विहिरीची गेली. मी काही शाळांत डोकावलो, पुस्तकं कपाटात सरळ उभी होती, कोरी करकरीत. तुमचा फोन नेहमीसारखा यायचा, तब्येत, पाऊसपाणी, शोभाची चौकशी. एकच गोष्ट वेगळी होती. तुमचा स्टीलचा डबा माझ्याकडं राहिला तर तुम्ही चार फोन करायचा, पण कन्नड कव्हरातली ती रेडकाची प्रत माझ्याकडं राहिली होती आणि ती तुम्ही एकदाही परत मागितली नाही.

तुम्हाला दवाखान्यातून घरी आणलं, आता काही करण्यासारखं नाही असं तुमच्या भाच्यानं कळवलं, तेव्हा मी निपाणीची बस धरली. पिशवीत ती प्रत टाकली. परत करावी, एवढंच मनात होतं. काकतीच्या पुढं गेल्यावर बाहेर काढली आणि वाचायला लागलो. संकेश्वरला बस थांबली, उसाच्या गाड्यांमुळं बराच वेळ थांबली, आणि तोवर रेडकू उठून उभं राहिलं होतं. मी बसमध्ये एकटाच ‘‘अरे!’’ म्हणालो. पुढच्या बाईनं वळून पाहिलं. निपाणी स्टँडवर उतरलो तेव्हा थोडी पानं राहिली होती. ती तिथंच बाकावर बसून संपवली.

रेडकू मरत नाही. ते वाढतं, मुलगी हॉस्टेलवर शिकायला जाते, वर्षानं सुट्टीला येते आणि धावत गोठ्यात शिरते. रेडकाची आता चांगली दांडगी म्हैस झालेली आहे. ती मुलीकडं बघते आणि वैरणीत तोंड खुपसते. ओळखत नाही. मुलगी थोडा वेळ उभी राहते, मग तिच्या पाठीवर थाप मारते आणि चहा प्यायला घरात जाते. संपलं पुस्तक.

तुमच्या घरी आलो तेव्हा तुम्ही सोप्यातच खाटेवर होता. इतक्या बारीक झाला होता की मला आधी उशीच दिसली. काय बोलायचं ते बसस्टँडपासून घोकत आलो होतो. तोंडातून निघालं ते एवढंच, ‘‘आक्का, रेडकू मरत नाही.’’

तुम्ही डोळे उघडलेत. ‘‘आत्ता कळलं व्हय रं तुला?’’ आणि हसायला लागलात. हसता हसता खोकला लागला. भाच्याची बायको पाणी घेऊन धावत आली आणि माझ्याकडं अशी बघायला लागली, जणू मीच काहीतरी केलं.

‘‘तुम्हाला तेव्हाच समजलं होतं?’’

‘‘तुझं समजलं. त्या डॉक्टराचं बी समजलं. डोळ्यांत पाणी आलं म्हणं!’’

‘‘मग तिथंच का बोलला नाही?’’

‘‘मला लई राग आलता. राग आला की मला कन्नडच येतंय, परश्या. लहानपणापासनं. आणि तुमच्या मराठीच्या बैठकीत मला कन्नडातनं भांडायचं नव्हतं.’’

मला मंडळाचा एक जुना कार्यक्रम आठवला. तुमच्या भाषणानंतर एक गृहस्थ तुम्हाला म्हणाले होते, ‘‘बाई, तुमच्या घरात तर कन्नड. मराठी पुस्तकांची निवड तुम्ही कशी करता?’’ तुम्ही हसून ‘‘वाचून करते’’ म्हणाला होता. मी व्यासपीठावर तुमच्या शेजारी बसलो होतो आणि हार नीट करत होतो. मी आवाजाला घाबरून पुस्तक मिटलं, तुम्ही आवाजाला घाबरून तोंड मिटलंत. पण दोन्ही गोष्टी एका मापाच्या नाहीत, हे मला कळतं. तुम्ही पुस्तक वाचलं होतं.

मग तशा अवस्थेतही आपण भांडलो. मी म्हणालो, हा शेवट रेडकू मरण्यापेक्षा वाईट आहे. इतकं करून तिनं ओळखूसुद्धा नये?

‘‘वाईट काय त्यात? म्हस झाली की ती! जगली, वाढली, वैरण खातीया. पोरगीचं काम झालं. आता काय म्हशीनं तिच्या पाया पडायचं?’’

‘‘पण मुलीला किती लागलं असेल, आक्का.’’

‘‘लागलं असंल. मग चहा प्याली की न्हाय? तुझ्यासारखं वर्षभर धरून न्हाय बसली.’’

अजूनही मला तो शेवट दुःखाचाच वाटतो. आणखी दोन-चार रविवार मिळाले असते तर मी तुम्हाला पटवलं असतं, किंवा तुम्ही मला. हा वाद तसाच राहिला.

मी माफी मागायला तोंड उघडलं तर तुम्ही हात वर केलात. ‘‘साकु,’’ तुम्ही कन्नडात म्हणालात, म्हणजे पुरे. ‘‘मला कशाला? मला ठाऊकच हाय. त्या पोरास्नी सांग. ती वैशाली अजून म्हणतीया, आक्का, तुम्ही आमच्या पुस्तकाचं नाव तिथं घेतलंच नसंल. रविवारी येती, पण पयल्यासारखी फुडं बसत न्हाय.’’

‘‘मग तुम्ही तिला खरं का सांगितलं नाही?’’

‘‘काय सांगू? परशराम सर न वाचता बोलले म्हणून? मोठी माणसं न वाचता बोलत्यात, ह्ये मी सांगू त्यास्नी? ते तू सांग. तुझं तू सांगितलंस तर बरं दिसंल.’’

म्हणजे इतके दिवस माझ्या खोट्याचा दोष तुम्ही स्वतःवर घेऊन त्या मुलांसमोर बसत होता. हे मला माहीत नव्हतं. माहीत झालं तेव्हा तुमच्या खाटेजवळ माझी मान वर होईना. तुम्ही मात्र विषय संपल्यासारखं भाच्याच्या बायकोला म्हणालात, ‘‘ह्याला चहा दे गं. बसनं आलाय.’’ निघताना मी पुस्तक उशाशी ठेवलं. तुम्ही ते परत माझ्या हातात दिलंत. ‘‘रविवारी लागंल तुला.’’

त्या रविवारी मी आलो नाही. कामाचं निमित्त सांगितलं. पुढच्या रविवारच्या आत तुम्ही गेलात. निरोप आला तेव्हा मला पहिल्यांदा काय वाटलं, तेही लिहितो. वाटलं, निदान तुम्हाला सांगून झालं होतं. तुम्ही हसला होता. दुःख त्याच्यानंतर आलं. डॉक्टरांना मी फोनवर सगळं सांगितलं. ते म्हणाले, ‘‘परशराम, खरं सांगू काय? मी बी शेवटपर्यंत गेलो न्हवतो. तुम्ही म्हणाला मेलं, मला वाटलं मेलं असंल.’’ आम्ही दोघंही हसलो. तुम्ही गेल्याच्या दिवशी आम्ही हसलो, आक्का, तुम्हाला चाललं असतं म्हणून सांगतो. विहिरीच्या लेखकाचा यात काही दोष नाही, त्याचा पुरस्कार त्याच्याकडं राहील. पण पुढच्या वर्षी शाळांना रेडकाची पाठवायची, हे डॉक्टरांनीच सुचवलं.

काल रविवार होता. मी पहिल्या बसनं आलो. वाटलं होतं, कुणी येणार नाही. भाच्याच्या बायकोनं सतरंजी घातली होती आणि मुलं आली होती. तुमची खुर्ची रिकामी होती, मी तिच्यात बसलो नाही, सतरंजीच्या कडेला खाली बसलो. वैशाली सगळ्यांत मागं, दाराला टेकून. आता सातवीत आहे. ‘‘आज कोण वाचणार?’’ एकानं विचारलं. मी कन्नड कव्हरातलं पुस्तक काढलं आणि त्यांनी ते लगेच ओळखलं. ‘‘ह्ये झालंय की!’’

‘‘झालंय,’’ मी म्हणालो. ‘‘माझं वाचायचं राहिलं होतं.’’

मी शेवटची पानं मोठ्यानं वाचली. गोठ्यापर्यंत आलो, म्हैस वैरणीत तोंड घालते तिथपर्यंत, आणि तुमच्यासारखं वरून बघितलं. एकही अंगठा हलत नव्हता. पुस्तक मिटून मी वैशालीकडं बघितलं आणि बोलायला लागलो. घोकून आणलेलं सगळं विसरलो. आईशी बोलायला हवं होतं तसं बोललो.

‘‘पोरांनो, आक्कानं बेळगावात येऊन तुमच्या पुस्तकाचं नाव सगळ्यांत आधी घेतलं हुतं. लई भांडल्या तुमच्यासाठी. त्या जेवायला आत गेल्या आणि मागनं मी सांगितलं, रेडकू मरतंय, ह्ये पुस्तक नको. मी ह्ये वाचलंच न्हवतं. न वाचता बोललो आणि तुमचं पुस्तक पाडलं. वैशाली, आक्कानं तुझा शब्द पाळला हुता बाळ. मी मोडला. माझं चुकलं. मला माफ करा.’’